हिरव्या लुगड्यातल्या दोघी

आमच्या घरी गेलेल्या माणसांचा राबता फार. बीडच्या जुन्या पेठेत, मशिदीच्या बोळाला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत नाना चित्रं काढायचे आणि मागच्या खोलीत आम्ही राहायचो. नाना म्हणजे माझे वडील. सगळ्या जिल्ह्यात ते ‘नाना पेंटर’ म्हणून ठाऊक होते, आणि त्यांचं काम एकच, गेलेल्या माणसांच्या तसबिरी काढणं. कुणाची आई गेली, कुणाचा म्हातारा गेला, की दिवसकार्य उरकून माणसं आमच्याकडे येत. वर्षश्राद्धाच्या आत तसबीर भिंतीला लागली पाहिजे अशी तिकडची रीत होती. दाराशी चपला वाजल्या आणि कुणी नुसताच घसा खाकरला, पण हाक मारली नाही, की आई आतूनच ओळखायची आणि चहाचं आधण वाढवायची. आलेली माणसं आधी रडत, मग चहा पीत, मग बोलायला लागत. आई त्यांच्या चहात साखर जरा जास्तच टाकायची. “रडून रडून तोंड खारट झालेलं असतंय,” असं तिचं म्हणणं. सगळ्यांच्याच घरी रोज कुणी ना कुणी रडायला येत असेल, असं मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं.

वास मात्र अजून नाकात आहे. नानांच्या रंगात जवसाचं तेल आणि आमच्या चटणीतही जवस. पुढच्या खोलीतला टर्पेंटाइनचा उग्र दर्प आणि मागच्या चुलीवरची येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी यांचा मिळून एक तिसराच वास तयार व्हायचा, तो आमच्या कपड्यांना, केसांना, दप्तराला असायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. सकाळी आईची भाकरी थापण्याची थपथप सुरू झाली की नानांची ब्रश पाण्यात नव्हे, तेलात खळखळवण्याची गडबड सुरू व्हायची. समोरच्या दुकानात करीमभाई फ्रेमा ठोकायचे. नानांची सगळी चित्रं फ्रेमेसाठी त्यांच्याकडेच जायची, त्यामुळे त्यांच्या हातोडीचा ठोका आमच्या घरच्या घड्याळासारखाच होता. आता मी राहते त्या फ्लॅटमध्ये खाली दिवसभर ग्राइंडर ओरडत असतो आणि लोक म्हणतात काकू, तुम्हाला झोप कशी लागते. त्यांना काय सांगणार.

फोटोवरून तसबीर काढणं सोपं. कुणाच्या तरी लग्नातल्या सामायिक फोटोत मागच्या रांगेत अंगठ्याएवढा चेहरा असला तरी नानांना पुरायचा. पण पुष्कळ बायका अशा जायच्या की त्यांचा आयुष्यात एक फोटो निघालेला नसायचा. मग नाना सांगायचे, “घरातली सगळी रक्ताची माणसं घेऊन या.” दोन-तीन दिवसांनी टेम्पो भरून माणसं यायची. नाना त्यांना भिंतीला टेकून ओळीने बसवायचे आणि हातात कोळसा घेऊन विचारायला लागायचे. कपाळ कुणाचं? थोरल्याचं. नाक? नाक हिचं, धाकटीचं. लगेच दुसरा भाऊ म्हणणार, “हिचं कावून? हिचं नाक आप्पावर गेलंय. आईचं नाक माझं हाय.” नाकावरून भांडणं व्हायची, आई गेल्याचं दुःख घटकाभर बाजूला पडायचं. नाना शांतपणे पुसायचे, पुन्हा काढायचे. लेकाची हनुवटी, नातीचे गाल, बहिणीचा ओठ. असं करता करता एक क्षण यायचा. कुणीतरी बाई एकदम तोंडाला पदर लावायची आणि खोली गप्प व्हायची. नाना कोळसा खाली ठेवून म्हणायचे, “आल्या.”

मग मागण्या सुरू व्हायच्या. नथ घाला. बोरमाळ घाला. लुगडं चांगलं काठापदराचं दाखवा. जन्मभर ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या गळ्यात नाना तोळ्या-तोळ्याचे मणी रंगवायचे. मी एकदा म्हटलं, “नाना, हे खोटं आहे.” तर समोर बसलेला त्या बाईचा मुलगाच मला म्हणाला, “जित्तेपणी घालता आलं न्हाई, ताई. आता तरी घालू द्या.” नाना प्रत्येकाला जरा उजळ करायचे, जरा तरणं करायचे आणि डोळे मोठे, ओलसर, समोर बघणारे काढायचे. घरात कुठेही उभं राहा, तसबीर तुमच्याकडेच बघते, हे नानांचं मोठं नाव होतं. लांबलांबून लोक त्या डोळ्यांसाठी यायचे.

एवढं नाव असूनही नानांच्या मनात एक सल होता. तरुणपणी ते औरंगाबादला चित्रकला शिकायला गेले होते. आजोबा गेले आणि वर्षाच्या आतच परत यावं लागलं. त्या एका वर्षात त्यांनी ज्या मोठ्या माणसांची भाषणं ऐकली, ती त्यांच्या कानात कायमची बसली. रविवारच्या पुरवणीत चित्रांवरचं परीक्षण आलं की ते जेवताना मोठ्याने वाचायचे. त्यात ‘अवकाश’ असायचा, ‘आशय’ असायचा, ‘रेषेची अपरिहार्यता’ असायची. आई ताटात भाकरी टाकत म्हणायची, “आशय गार व्हायलाय, जेवा आधी.” नाना हसायचे आणि वाचत राहायचे. त्यांना त्यातलं सगळं कळत होतं असं नाही, पण आपल्या चित्रासमोर असा एखादा माणूस उभा राहावा आणि त्याने चार शब्द बोलावेत, ही त्यांची इच्छा मात्र खरी होती. लोक पाया पडले म्हणून ती भागत नव्हती. पाया पडणारा आईच्या पाया पडतो, चित्राच्या नाही, हे नानांना कळत होतं.

मी बारावीत असतानाची गोष्ट. गावातल्या एका कॉलेजात साळवे सर म्हणून प्राध्यापक होते. त्यांच्या आईची तसबीर नानांनीच काढलेली. ते एका दुपारी उड्या मारतच आले. पुण्याचे एक मोठे समीक्षक आमच्या कॉलेजात व्याख्यानाला येणार आहेत, त्या वेळी सभागृहात फक्त तुमच्या चित्रांचं प्रदर्शन लावू, असं त्यांनी ठरवलं होतं. समीक्षकांचं नाव मी इथे लिहीत नाही. नानांच्या घरात कुणाचं नाव वाईट म्हणून काढायची पद्धत नव्हती. नाना आधी चक्रावले. “पण सर, माझ्याकडं चित्रच न्हाई एकबी.” आणि ते खरं होतं. रंग वाळला की चित्र गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. आमच्या घरच्या भिंतीवर नुसतं कालनिर्णय होतं. साळवे सर म्हणाले, “मग घराघरांतून चार दिवसांसाठी मागून आणू. कोण तुम्हाला नाही म्हणेल?”

दिवाळीच्या सुट्टीत नाना आणि मी तसबिरी गोळा करत फिरलो. नारायणगडाच्या पायथ्याची गावं, मग माजलगावकडची बाजू, मग चौसाळा. मी नानांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. एसटीत ते खिडकीशी बसून गुणगुणायचे. सवाष्ण गेलेल्या बायकांना नाना नेहमी हिरवं लुगडं, नथ आणि कपाळभर कुंकू काढायचे. तशा दोन तसबिरी आम्ही एकाच दिवशी आणल्या, आणि त्या दोन्ही बायकांचा फोटो नव्हता, घरच्यांना समोर बसवून काढलेल्या. पहिली माजलगावच्या दोघा भावांची आई. धरणाच्या पाण्यावर त्यांचा ऊस, मोठं नवं घर. त्यांनी खिळ्यावरून तसबीर काढून सरळ नानांच्या हातात दिली. “न्या नाना. तुमीच आणली हाय तिला, विचारता काय.” दुसरी चौसाळ्याची. हायवेला लागून गयाबाईचं बांगड्यांचं दुकान होतं, मागे एक खोली. ही गयाबाई तिशीतली, एकटीच. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं ते इतकंच, “भिंत रिकामी ठेवायची का मंग?” नाना म्हणाले, “चारच दिवस.” तिने तसबीर उतरवली, काच पदराने पुसली, हळदीकुंकू लावलं. मग आत जाऊन भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून आणला आणि तसबिरीबरोबर तोही माझ्या हातात दिला. “आई कधी एसटीत बसली न्हाई. जपून न्या तिला.” स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो तेव्हा नानांनी ते फडकं सोडलं आणि तसबिरीकडे बघून म्हणाले, “माय, आमी खाऊ का गं?” आम्ही दोघं हसत सुटलो आणि मग खाल्लं.

आता प्रदर्शनाचं. सभागृहात चित्रं लावायच्या आदल्या दिवशी सगळ्या तसबिरी आमच्या पुढच्या खोलीत ठेवल्या होत्या. साळवे सरांनी सांगितलं होतं, हार काढा, काचेवरचं कुंकू पुसा, ती आता चित्रं म्हणून दिसली पाहिजेत. ओल्या कापसाने मी एकेक काच पुसत बसले. आईला ते अजिबात रुचलं नाही. “सवाष्ण बाईचं कुंकू पुसायलीस, सुनंदे,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. मी म्हटलं, “काचेवरचं पुसतेय, आतलं आहे की.” कुंकू पुसून, उदबत्तीची काजळी काढून ती चित्रं लखलखीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी करीमभाईंनी खिळे ठोकले, आम्ही तिघांनी मिळून तसबिरी टांगल्या, खाली नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मागे सरून उभे राहिलो.

समोरच्या भिंतीवर पंचवीस-तीस माणसं होती आणि सगळ्यांचे डोळे एकच होते. तोच ओलावा, तीच किंचित हसरी कड, तोच बुबुळातला पांढरा ठिपका. बाई असो की फेट्यातला म्हातारा असो, एकच कुणीतरी त्या सगळ्यांच्या आत शिरून आमच्याकडे बघत होतं. आजवर ते कुणालाच दिसलं नव्हतं, कारण एका घरात एकच तसबीर असायची. दोन तसबिरी शेजारी शेजारी लावून बघायचं कारणच कधी कुणाला पडलं नव्हतं, खुद्द नानांनाही नाही. एक झालं की ते निघून जायचं, मग दुसरं. आई डबा घेऊन आली होती. ती भाबडेपणाने म्हणाली, “अगं बाई, सगळ्या एकमेकींच्या बहिणी दिसायल्या.” करीमभाई हातोडी खिशात घालत हळूच म्हणाले, “नाना, एकेक करके अच्छे लगते थे.” नानांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि एक चिठ्ठी वाकडी लागली होती ती सरळ केली. मला अजून वाटतं, जे व्हायचं ते तिथेच होऊन गेलं होतं.

समीक्षक दुपारी आमच्याकडेच जेवायला आले. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण मी त्यांच्यावर अनेक वर्षं दात धरून होते. हळू बोलणारे, खादीतले, आईच्या हातचे धपाटे मागून घेणारे. येसराची आमटी त्यांनी वाटीला तोंड लावून प्यायली आणि हे कसं करतात ते आईला विचारलं. आई खूश. मग सभागृहात गेल्यावर त्यांनी प्रत्येक चित्रासमोर उभं राहून नीट बघितलं. उगाच बघितल्यासारखं केलं नाही. भाषणात ते बोलले तेही आवाज न चढवता. म्हणाले, “यांचा हात तयार आहे यात शंका नाही. पण मी इथे इतकी चित्रं पाहिली असं मला वाटत नाही, मी एकच चित्र पाहिलं. या बायका कशा जगल्या ते यात कुठेच नाही. ऊन नाही, भूक नाही, राग नाही. लोकांना ही चित्रं आवडतात, कारण लोकांना जे बघायचं होतं तेच यांनी दाखवलं. चित्रकाराने त्याच्या पुढे एक पाऊल जायचं असतं.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या नानांनीही वाजवल्या. खाली उतरल्यावर ते समीक्षकांना हात जोडून म्हणाले, “बरोबर हाय साहेब तुमचं.”

पुढे मी स्वतः चित्रकलेची शिक्षिका झाले, पुष्कळ प्रदर्शनं पाहिली, परीक्षणं वाचली, आणि एक प्रश्न मला कधी सोडून गेला नाही. ज्याचं चित्र लोक घरात लावतात, त्याचं नाव काढलं की या जाणत्या माणसांच्या कपाळाला आठी का पडते? तरुणपणी मी म्हणायचे, जळतात. ते काही खरं नाही. मग म्हणायचे, जे सगळ्यांना आपसूक कळतं तिथे समजावून सांगणाऱ्याला काम उरत नाही, म्हणून चिडतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण आता वाटतं, गोष्ट याहून साधी असावी. समीक्षक भिंतीवरची सगळी चित्रं बघतो आणि घरातला माणूस एकच बघतो. सगळी बघणाऱ्याला त्यातलं सारखेपण आधी दिसणारच, त्याला ते दिसलं नाही तर तो कसला समीक्षक? आणि त्या सभागृहात त्या गृहस्थांचं कुणीही भिंतीवर नव्हतं. बाकी पुष्कळांचं कुणी ना कुणी होतं, साळवे सरांची तर आईच होती. बरं, ते चूक होते असंही मला म्हणता येत नाही. डोळे एकच होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांचा राग येतो तो याचाच. साफ चूक असते तर नाना घरी येऊन हसले असते आणि विसरले असते.

प्रदर्शन संपल्यावर माणसं आपापल्या तसबिरी न्यायला आली. चिठ्ठ्या भिंतीवरच राहिल्या होत्या आणि चित्रं खाली उतरवून भिंतीला टेकून ठेवली होती. नाना दाराशी खुर्ची टाकून बसले होते, मी रद्दी आणि सुतळी घेऊन त्यांच्याजवळ. गयाबाई घाईघाईने आली. सगळीकडे गर्दी, कुणी काच फुटली म्हणून ओरडतंय, कुणी नमस्कार करतंय. ती रांगेतून पुढे गेली, हिरव्या लुगड्याच्या तसबिरीसमोर वाकली, फ्रेमेला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि तसबीर उचलून छातीशी धरली. ती माजलगावच्या भावांची आई होती. मला दिसलं आणि मी उठले. तेवढ्यात नानांनी माझं मनगट धरलं. “थांब.” मी म्हटलं, “अहो नाना, ती दुसऱ्यांची...” “थांब म्हटलं ना. बघू दे तिला.” गयाबाई आमच्यापाशी आली, मी मुकाट्याने कागद गुंडाळला, तिने नानांच्या पायाला हात लावला आणि ती निघून गेली. नाना दाराकडे बघत राहिले. “घरी गेल्यावर कळंल तिला,” ते म्हणाले. “उद्या येईल.” थोड्या वेळाने ते दोघे भाऊ जीप घेऊन आले. हिरव्या लुगड्यातली एकच उरली होती, ती नानांनी स्वतःच्या हाताने त्यांना दिली. थोरल्याने तिच्याकडे एकदा बघितलं, “चल आई,” म्हणाला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी नाना सकाळी लवकर अंघोळ करून पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले. चौसाळ्याची गाडी यायच्या वेळा त्यांना पाठ होत्या. गाडीची वेळ टळून गेली की ते उठायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. असे दिवस गेले. तसबिरीसाठी माणसं येत होती, रडत होती, आई चहा करत होती, पण नाना सांगायचे, “माझा हात कापायलाय आता. दुसरं कुणी बघा.” हात काही कापत नव्हता. त्याच हाताने ते नंतर दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले आणि त्यांच्या अक्षराच्या कडा सुरीने कापल्यासारख्या यायच्या. आईचा एकदा संयम सुटला. “एवढं जिवाला लागलंय तर जाऊन सांगा त्यांना. बदलून द्या. माझ्याकडनं चूक झाली म्हणा.” नाना पाटीवरचा हात न थांबवता म्हणाले, “मी सांगून काय उपयोग? त्यांनी ओळखलं पाहिजे. एकानं जरी येऊन म्हटलं, का ही आमची आई न्हाई, तर मी पुन्हा चेहरा काढीन. न्हाईतर तो साहेब म्हणला तेच खरं. मी सगळ्यांना एकच बाई काढून दिली.” आईने पिठाचा डबा उघडला आणि परात पुढे ओढली. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही, पण दाराशी कुणी घसा खाकरला की नाना अजूनही मान वर करून बघायचे, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. चौसाळ्याहून कुणी आलं नाही. माजलगावहूनही नाही.

पुष्कळ वर्षं नानांनी पाट्या रंगवल्या. किराणा, मेडिकल, खत-बियाणं, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मग फ्लेक्स आले आणि तेही काम गेलं. माझं लग्न झालं, नोकरी लागली, मला मुलगा झाला. त्याचा चेहरा काढा म्हणून मी हट्ट धरला, तर नाना त्याला मांडीवर घेऊन बराच वेळ न्याहाळत बसले आणि म्हणाले, “नको गं. ह्याला बी तेच डोळे येतील.” मला रडू आलं. मी नातवाच्या नावाने भांडले, बोलायचं नाही ते बोलले. ते नुसते त्या बाळाच्या भुवईवरून बोट फिरवत राहिले.

नाना गेले ते सरत्या थंडीत. मला बोलावणं आलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली, आणि कुठून कुठून आली म्हणून सांगू. ज्यांच्या घरी नानांच्या तसबिरी होत्या ती सगळी. आई भिंतीला टेकून बसलेली, मी तिच्याजवळ. एका दुपारी एक म्हातारी बाई काठी टेकत आली. आधी मी ओळखलं नाही. “मी चौसाळ्याची गया. बांगड्यावाली,” ती म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून जवळ सरकली, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला.

“ताई, एक सांगू का? पेंटर व्हते तवर बोलता आलं न्हाई. आता हरकत न्हाई. त्या कॉलेजातनं मी नेली ती माझी आई नव्हती.”

मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“कधी म्हंजे? त्याच दिशी. तिथं लई माणसं, माझी गाडी निघायची, हिरवं लुगडं बघितलं न् उचलली. घरी येऊन खिळ्याला लावली, दिवा लावला न् बघते तर दुसरीच बाई. माझ्या आईची डावी भुवई मधी तुटलेली व्हती, लहानपणी म्हशीचं शिंग लागलतं. पेंटरनं मला दहांदा इचारून, माझ्या कपाळावर बोट ठिवून ठिवून ती भुवई काढलती. हिची सरळ. अन् आईचा खालचा ओठ माझ्यावाणी. हिचा न्हाई. आपली आई वळखू येत न्हाई व्हय?”

“मग आला का नाहीत तुम्ही?”

“कशी येऊ? त्या मोठ्या सायबानं भर सभेत म्हणलं म्हणं, का समद्या बाया एकच हायत. आमच्या गावापत्तूर आलतं ते. आधीच माणूस खचलेला, त्यात मी जाऊन म्हणू, का तुमी मला दुसऱ्याची आई दिली? लई लागलं असतं जिवाला त्यांच्या. म्हणलं, राहू दे. हिलाच आई म्हणू. एवढी वर्सं हिलाच कुंकू लावते मी.” तिने काठी मांडीवर आडवी घेतली. “माझी आई कुणाकडं गेली, तुमाला म्हाईत हाय का?”

“माजलगावला,” मी म्हटलं.

“चांगल्या घरी हाय ना?”

“हो. मोठं घर आहे त्यांचं.”

“मंग असू द्या,” ती म्हणाली.

इतका वेळ आई मान खाली घालून बसली होती. तिने गयाबाईचा हात आपल्या हातात घेतला. “बाई, एकदा तरी यायचं व्हतं गं,” ती म्हणाली. “एकदा येऊन नुसतं भांडायचं व्हतं.”

गयाबाईने मान हलवली. “न्हाई वो माय. त्या देवमाणसाला कसं दुखवायचं?”

आईने माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं असतं, की नाना रोज चौसाळ्याच्या गाडीच्या वेळेला दाराकडे तोंड करून बसायचे ते हिच्यासाठी. मी गयाबाईच्या हातात तिची काठी दिली आणि तिला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले.